‘दुखत त नाही, मंग काहाले काढू?’

दातांच्या दवाखान्यात वऱ्हाडातला माणूस सहसा दाढ रात्रभर ठणकल्याशिवाय जात नाही. त्या दाढेसाठी एक्स-रे निघतो आणि फिल्मवर भलतंच काही दिसतं. सगळ्यांत मागे, हाडाच्या आत, एक अक्कलदाढ आडवी पडलेली असते. तिनं आजवर कधी त्रास दिलेला नसतो. ती तिथे आहे हेही त्याला ठाऊक नसतं. ‘हीही काढून घ्या, पुढे त्रास देईल,’ असं डॉक्टर सांगतात. मग अमरावतीत काय अन् अकोल्यात काय, प्रश्न जवळपास त्याच शब्दांत येतो: ‘दुखत त नाही डॉक्टरसाहेब, मंग काहाले काढू?’

भीतीपोटी किंवा पैसे वाचवायला माणूस असं विचारतो, असं समजून हा प्रश्न उडवून लावला जातो. तसं करू नये. आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतकं ज्यावर वाद घातले, तेच त्यात आहे. जे दिसलं ते कळलं असं कधी म्हणायचं? आज कळलेलं उद्यालाही लागू पडतं का? आणि उद्याच्या दुःखाच्या शंकेवरून आजच्या धड अवयवाला हत्यार लावणं हे धर्माला धरून आहे का?

आधी दाढेचं पाहू. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर बाकीच्या दातांनी जबडा भरून गेलेला असतो. बाजाराच्या दिवशी परतवाड्याच्या एसटीत शेवटच्या थांब्यावर चढणाऱ्याची जी गत होते, तीच तिची: जागा मिळाली तर बसायचं, नाहीतर कुठेतरी तिरपं अडकून राहायचं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो की सुमारे चौथा हिस्सा लोकांची निदान एक अक्कलदाढ अशी अडकलेली असते. काहींच्या जबड्यात ती तयारच होत नाही. जॉर्ज विंटर या अमेरिकन शल्यविशारदानं १९२६ मध्ये दाढेच्या कलावरून तिचे प्रकार पाडले: पुढे झुकलेली, मागे झुकलेली, उभी, आडवी. १९३३ मध्ये पेल आणि ग्रेगरी यांनी खोली आणि जागा यांवरून दुसरी मोजणी दिली. अमरावतीला विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे, अकोल्याजवळ कान्हेरी सरपला कांबे दंत महाविद्यालय आहे. दंतवैद्यकाचा विद्यार्थी कुठलाही असो, अडकलेल्या दाढेचं वर्णन तो याच भाषेत करायला शिकतो.

वर्णन करायला दाढ दिसावी लागते, आणि इथूनच तत्त्वज्ञानाला सुरुवात होते.

संपूर्ण जबड्याचा एक्स-रे म्हणजे ओपीजी. त्यात पेशंट उभा राहतो, हनुवटी टेकवतो, पुढच्या दातांत प्लॅस्टिकची छोटी कांडी धरतो, दोन्ही हातांनी दांड्या पकडतो आणि यंत्र डोक्याभोवती अर्धा फेरा घेतं. पंधराएक सेकंदांत काम होतं. वऱ्हाडात या यंत्राची गरज जरा जास्तच भासते. सुपारी-खर्ऱ्यानं गालाच्या आतली कातडी आखडून ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्या तोंडात मागच्या दाढेपाशी छोटी फिल्म ठेवणं जमतच नाही. त्यांना बाहेरून फिरणारं यंत्रच उपयोगी पडतं.

उभं राहण्याआधी कानातलं, नथ, गळ्यातलं काढून ठेवायला सांगतात. बाळी किंवा झुमका काढायचा राहून गेला तर फिल्मवर एक विलक्षण गोष्ट होते. उजव्या कानातल्या झुमक्याची एक पुसट, पसरट, पांढरी आकृती डाव्या बाजूला, मूळ जागेपेक्षा जरा वर उमटते. तिथे झुमका नसतो, तरी तो दिसतो. नवख्या डोळ्याला त्या जागी हाडाचा विकारही वाटू शकतो. न्यायदर्शनानं भ्रमाची जी मीमांसा केली आहे तिला अन्यथाख्याती म्हणतात: भ्रमात दिसणारी वस्तू साफ खोटी नसते, ती दुसरीकडे खरोखर असते आणि इथली म्हणून दिसते. शिंपल्यात चांदी दिसते ती सोनाराच्या दुकानातली. ओपीजीवरचा हा झुमका त्या सिद्धांताचं इतकं चपखल उदाहरण आहे की नैयायिकांनी तो पाहिला असता तर शिंपला बाजूला ठेवला असता.

दिसतं ते नसतं, हा झाला एक भाग. असतं ते दिसत नाही, हा दुसरा. आणि तो जास्त महत्त्वाचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, चरक प्रत्यक्षाचा अभिमान बाळगणाऱ्यांना थांबवतो. प्रत्यक्ष थोडंच आहे आणि अप्रत्यक्ष अफाट आहे, असं तो बजावतो आणि असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणं मोजून देतो. वस्तू फार जवळ असणं, फार लांब असणं, तिच्यावर आवरण असणं, इंद्रिय दुबळं असणं, मन ठिकाणावर नसणं, सारख्या वस्तूत ती मिसळून जाणं, दुसऱ्या प्रखर वस्तूनं ती झाकोळणं आणि ती अतिसूक्ष्म असणं. एक्स-रे वाचणाऱ्यानं ही यादी भिंतीवर लावावी. हाडाचं आवरण एक्स-रे भेदतो, पण बाकीची कारणं जिथल्या तिथे राहतात. दाढेचं मूळ आणि नसेची नळी यांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या की पुढचं कोण आणि मागचं कोण ते फिल्म सांगत नाही. सारख्यात सारखं मिसळतं. धातूच्या टोपीच्या पांढऱ्या झगमगाटात शेजारची कीड झाकोळते. कोवळी कीड तर फिल्मवर उमटतच नाही. आणि संध्याकाळी शेवटच्या पेशंटची फिल्म पाहताना मन ठिकाणावर नसणं, हे कारण आजही तितकंच खरं आहे.

या पाहण्याची किंमतही माणसांनी मोजली आहे. राँटगेननं १८९५ च्या डिसेंबरात आपला शोध जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात जर्मनीत ओटो वॉल्कहॉफनं स्वतःच्या तोंडात काचेची पट्टी धरून २५ मिनिटं किरण घेतले. दातांचा पहिला एक्स-रे तो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स दंतवैद्यकात हे तंत्र आणणाऱ्या पहिल्या काहींपैकी. पेशंटच्या तोंडात फिल्म स्वतःच्या हातानं धरत राहिल्यानं त्याच्या हाताला कर्करोग झाला, आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. आज एका ओपीजीचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट असतो, म्हणजे माती, हवा आणि आकाशातून कुणालाही दोन-चार दिवसांत मिळणाऱ्या किरणांइतका. तेव्हा एका फिल्मला घाबरायचं कारण नाही. पण कारणाशिवाय फिल्म काढणं हे केल्सच्या आठवणीला शोभत नाही.

आता नसेकडे वळू, कारण या विषयातली खरी भीती तिथे आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस नळीतून पुढे जाते आणि खालच्या ओठाला, हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढेची मुळं कधी कधी या नळीला टेकलेली असतात. फिल्मवर नळी म्हणजे दोन बारीक पांढऱ्या रेघांमधला काळसर पट्टा. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये रूड आणि शेहाब यांनी मूळ आणि नळी यांच्या सलगीच्या सात खुणा तपासल्या आणि त्यांतल्या तीन नसेच्या इजेशी विशेष जोडलेल्या आढळल्या: मुळावर काळा पट्टा येणं, नळीची पांढरी रेघ तुटणं आणि नळीनं वाट वाकडी करणं.

खूण दिसली, म्हणजे नस दुखावणारच का? नाही. ज्यांच्या फिल्मवर या खुणा असतात त्यांतल्या बहुसंख्यांचा ओठ दाढ काढल्यावरही शाबूत राहतो. खूण नसेल तर मात्र धोका पुष्कळच कमी, हे बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. न्यायशास्त्रात अशा खुणेला सव्यभिचार हेतू म्हणतात: तो साध्यासोबत आढळतो, तसा साध्य नसतानाही आढळतो. अशा हेतूवर ‘अमुक होणारच’ असं अनुमान बांधणं हा दोष आहे, आणि तर्कसंग्रह वाचणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो ओळखतो. सावधगिरीला असा हेतू पुरतो, पण भाकिताला पुरत नाही. पेशंटला हे दोन शब्दांत सांगता येतं, आणि सांगितलं पाहिजे.

‘मग थ्रीडी स्कॅन काढू,’ असा पुढचा सल्ला हल्ली लगेच येतो. सीबीसीटी नावाच्या या स्कॅनमध्ये दाढ आणि नळी यांचं नातं तिन्ही बाजूंनी दिसतं, ओपीजीतला गुंता सुटतो. निवडक केसमध्ये त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण युरोपात झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत स्कॅन काढून केलेल्या आणि नुसत्या ओपीजीवर केलेल्या शस्त्रक्रियांत नसेच्या इजेचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं नाही. जास्त दिसलं म्हणून आपोआप जास्त भलं झालं नाही. ज्ञान आणि हित यांच्यात एक अंतर असतं आणि ते यंत्राच्या ताकदीनं भरून निघत नाही, हे इथे आकड्यांत सिद्ध झालं आहे.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येता येतं. चरकानं अनुमान तिन्ही काळांचं सांगितलं. धुरावरून झाकलेला अग्नी कळतो, हे वर्तमानाचं. गर्भावरून आधीचा संग कळतो, हे भूतकाळाचं. बीज पाहून पुढचं फळ कळतं, हे भविष्याचं. एक्स-रेवर अक्कलदाढेच्या शेजारच्या दाढेला कीड दिसते, दाढेमागचं हाड झिजलेलं दिसतं, दाढेभोवतीची काळी कडा रुंदावून गाठीची शंका येते. ही पहिल्या दोन काळांची अनुमानं आहेत. इथे दुखत नसलं तरी रोग आहे, आणि ‘दुखत नाही’ हे उत्तर इथे अपुरं आहे. आपल्या लोकांना हे ठामपणे सांगायलाच हवं, कारण वेदना हे रोगाचं एकमेव प्रमाण मानण्यानं वऱ्हाडात कितीतरी तोंडांचे कर्करोगसुद्धा उशिरा दवाखान्यात पोचतात.

पण फिल्मवर नुसती अडकलेली दाढ असेल, आजूबाजूला सगळं स्वच्छ असेल, आणि तरीही ‘पुढे त्रास देईल’ म्हटलं जात असेल, तर ते तिसऱ्या काळाचं अनुमान. तिथे न्यायशास्त्राचं एक जुनं उदाहरण विलक्षण उपयोगी पडतं. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी इंधन ओलं असावं लागतं. या ओल्या इंधनाला नैयायिक उपाधी म्हणतात; ती पाहिल्याशिवाय बांधलेला नियम कोसळतो. ‘जिथे अडकलेली दाढ तिथे त्रास’ हा नियम नेमका असा आहे. इथलं ओलं इंधन म्हणजे हिरडीतली फट: दाढ अर्धवट वर आलेली, तिच्यावर हिरडीची झडप, झडपेखाली अन्न आणि जंतू. दाढ पुढे झुकून शेजारणीला टेकलेली असेल तर त्या खाचेत ब्रश पोचत नाही आणि शेजारणीला मागून कीड लागते. तीच दाढ हाडात पूर्ण गाडलेली असेल, तोंडाशी तिचा कुठेही संबंध नसेल, तर ती जन्मभर गप्पही राहू शकते. तेव्हा फिल्म वाचताना डॉक्टरनं दाढेच्या कलाइतकंच हे ओलं इंधन शोधायला हवं. ते फिल्मवर अर्धंच दिसतं. उरलेलं तोंड उघडून, बारीक सळई हिरडीत फिरवून पाहावं लागतं.

ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेनं २००० साली स्पष्ट सांगितलं की रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा निव्वळ पुढच्या भीतीनं काढू नयेत. दुखत नाही तर का काढू, या प्रश्नाला एका देशाच्या आरोग्यव्यवस्थेनं दिलेला हा दुजोराच होता. गोष्ट इथे संपली असती तर सोपं झालं असतं. पण पुढच्या दशकात तिथल्या डॉक्टरांना असं दिसू लागलं की दाढा काढून घेणाऱ्यांचं सरासरी वय पंचविशीवरून तिशीपार गेलं आहे आणि काढण्याच्या कारणांत शेजारच्या दाढेची कीड वाढली आहे. काहींच्या बाबतीत एक निरुपयोगी दाढ वाचवताना एक उपयोगी दाढ गेली. वय वाढलं की हाड कडक होतं, मुळं पूर्ण बनतात, शस्त्रक्रिया अवघड जाते. म्हणजे काही न करणं हीसुद्धा एक कृतीच, आणि तिचंही फळ भोगावं लागतं. कर्म आणि अकर्म यांच्या सीमेवर गीतेनं शहाण्यांनाही गोंधळलेलं दाखवलं आहे, ते उगीच नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. ‘अक्कलदाढ पुढचे दात ढकलते, दात वाकडे होतील,’ हे कारण अजूनही आईवडिलांना सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत काही मुलांच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या आणि बरीच वर्षं पाठपुरावा केला. १९९८ मध्ये निष्कर्ष आला की या कारणासाठी दाढ काढणं समर्थनीय नाही. हे कारण पुढे करणं आता थांबायला हवं.

पेशंटची बाजू यात विचित्र असते. फिल्म त्याच्याच जबड्याची, पण त्याला ती वाचता येत नाही. डोळ्यांसमोर असूनही त्याचं ज्ञान ऐकीवच असतं. डॉक्टर हा त्याचा आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबायचं तो. अमरावती जिल्ह्यानं अशा ज्ञानाचा एक मोठा साधक पाहिला आहे. माधानचे संत गुलाबराव महाराज, जन्म १८८१. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेऊन त्यांनी शास्त्रं आत्मसात केली, शंभरावर ग्रंथ रचले, मनाच्या आयुर्वेदावरही लिहिलं, आणि वयाच्या ३४ व्या वर्षी, १९१५ मध्ये, देह ठेवला. कानावर आलेलं सगळं त्यांनी मान्य केलं नाही. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचीही चिकित्सा केली. शब्दावर विसंबणं आणि शब्द तपासणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधतात, याचा हा दाखला आपल्या घरचा आहे. पेशंटला फिल्म वाचता आली नाही तरी ‘हे आज आहे की पुढे होईल?’ एवढं विचारता येतं.

आप्तवचनही तपासावं लागतं, ते कितीही थोर असो. सुश्रुतानं वर्धन नावाचा विकार सांगितला आहे: जादा दात येताना तीव्र वेदना, दात आला की शांत. आजचे वैद्य त्याला अक्कलदाढेशी जोडतात आणि वर्णन जुळतंही. त्याच सुश्रुतानं वरचा दात हलत असला तरी उपटू नये, रक्त फार जाऊन माणूस काणा होतो, असंही बजावलं. वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत गावोगाव अजून पक्की आहे. वास्तविक दातांची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या. दाढ काढल्यानं नजर जात नाही. आजच्यासारखी भूल नव्हती त्या काळात रक्तस्रावाची भीती रास्त होती, आज तिची सावली तेवढी उरली आहे.

राहिला हिंसेचा प्रश्न. धड दाढेवर शस्त्र चालवणं ही हिंसा का? या बाबतीत जैन विचार फार नेमका आहे, आणि वऱ्हाडाचं त्याच्याशी जुनं नातं आहे. कारंजा लाडची हस्तलिखितांची भांडारं प्रसिद्ध आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी तिथल्या पोथ्या उजेडात आणल्या आणि षट्खंडागम या जैन आगमग्रंथाचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथानं हिंसेच्या व्याख्येत आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, ठेवला आहे, मग प्राणांना होणारी इजा. या कसोटीवर दोषी कोण ठरतं ते पाहावं. फिल्म नीट न पाहता ‘चारही काढून टाकू’ म्हणणारा प्रमादी. आणि ‘राहू द्या, काही होत नाही’ म्हणून पुन्हा कधीच न बोलावणाराही तितकाच प्रमादी. फिल्म वाचून, तोंड तपासून, धोका सांगून, संमती घेऊन दाढ काढणाऱ्याच्या हातून रक्त आलं तरी ती हिंसा म्हणता येणार नाही.

चरकानं प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवचन यांच्या जोडीला चौथं प्रमाण दिलं, युक्ती: अनेक कारणं एकत्र आली की काय घडतं याचा मेळ घालणारी बुद्धी. दाढेचा शेवटचा निर्णय तिचाच. अमरावतीच्या राजापेठेत राहणाऱ्या मुलीला ‘वर्षानं फिल्म काढून पाहू’ म्हणणं सोपं आहे. धारणीच्या मुलाला त्यासाठी मेळघाटातून दिवस मोडून यावं लागतं, आणि रात्री जबडा सुजला तर जवळ कुणी नसतं. फिल्म तीच असली तरी त्याच्यासाठी आज काढणं शहाणपणाचं ठरू शकतं. लग्न ठरलेल्या, पुढे बाळंतपण येणार असलेल्या मुलीचा विचार वेगळा, साठीच्या शेतकऱ्याच्या खोल गाडलेल्या गप्प दाढेचा वेगळा. कीर्तनकाराला किंवा बासरी वाजवणाऱ्याला ओठ बधिर होण्याची छोटी शक्यताही मोठी वाटेल, आणि ती त्यानंच तोलावी. मुळं नसेला फारच बिलगलेली असतील तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळं जागेवर ठेवण्याची पद्धतही आहे.

आणि थांबायचं ठरलं, तर पेशंटच्या कार्डावर पुढच्या तपासणीचा महिना मराठीत लिहून द्यावा. त्याखाली हेही लिहावं: हिरडी सुजली, तोंड उघडेनासं झालं, गिळताना दुखलं किंवा ताप आला, तर त्या महिन्याची वाट पाहू नका, लगेच या.